छपाईचा व्यवसाय : आधी कसब, मग यंत्र

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक आणि विद्यार्थी एकच प्रश्न घेऊन येतात. पुढे काय करायचे? ज्यांचे गुण चांगले आहेत त्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ज्याचा हात चित्रकलेत चालतो, ज्याला अक्षर सुबक काढता येते, ज्याला यंत्राची आवड आहे पण गणितात जेमतेम गुण आहेत, अशा मुलाला मात्र कोणी नीट काही सांगत नाही. अशा मुलामुलींसाठी छपाई, म्हणजेच मुद्रण, हा एक चांगला व्यवसाय आहे. त्याची ओळख करून देण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

आम्ही मुद्रक नाही. बँकेत लिपिक आहोत आणि शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु छापखाना काढण्यासाठी कर्ज मागायला येणारी मुले आमच्या टेबलासमोर बसतात, आणि दोन-तीन वर्षांनी त्यांची खाती कशी चालली आहेत हेही आम्हाला दिसते. त्यावरून आमचे जे मत झाले ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. या धंद्यात बुडणारा माणूस कला नाही म्हणून बुडत नाही. आधी यंत्र घेतो, आणि काम व हिशेब नंतर शिकायला जातो, म्हणून बुडतो.

छपाई म्हणजे काय? खिशातील नोट पाहा

विद्यार्थ्यांनो, पाचशे रुपयांची किंवा शंभराची नोट हातात घ्या. महात्मा गांधींच्या चित्रावरून बोट हळूच फिरवा. चित्र किंचित उंच लागेल. ही इंटाग्लिओ पद्धतीची छपाई होय. धातूच्या पत्र्यात चित्र खोलगट कोरलेले असते, त्या खाचांत शाई भरतात आणि मोठ्या दाबाने ती कागदावर उठवतात. आता मागची फिकट, बारीक रेषांची नक्षी पाहा. ती बोटाला लागत नाही, कारण ती ऑफसेट छपाई आहे. नोट उजेडासमोर धरली तर पुढचे अर्धे आणि मागचे अर्धे चिन्ह एकमेकांत बसून पूर्ण आकडा दिसतो. दोन्ही बाजू केसभरही न सरकता जुळणे याला छापखान्यात ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. चांगला मुद्रक यावरूनच ओळखला जातो.

ऑफसेटचे तत्त्व साधे आहे. तेल आणि पाणी मिसळत नाही. प्लेट सपाट असते. तिच्यावरील मजकुराचा भाग तेलकट शाई धरतो, रिकामा भाग पाणी धरतो आणि शाईला दूर ठेवतो. प्लेटवरील चित्र आधी रबरी ब्लँकेटवर उतरते आणि तेथून कागदावर. रंगीत छपाईसाठी सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा अशा चारच शाया लागतात. वर्तमानपत्रातील रंगीत फोटो भिंगातून पाहिला तर या चार रंगांचे ठिपके वेगवेगळे दिसतात. आपला डोळा ते एकत्र करतो आणि हजारो रंग पाहतो.

स्क्रीन प्रिंटिंगची रीत याहून निराळी आहे. चौकटीवर जाळी ताणतात, तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारे रसायन लावतात आणि पारदर्शक कागदावर काढलेला मजकूर ठेवून प्रकाश देतात. जेथे प्रकाश पोचला नाही तेथील रसायन पाण्याने धुऊन जाते आणि त्या मोकळ्या जाळीतून शाई खाली उतरते. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, टी-शर्ट, बिल्ले अशी कामे या रीतीने होतात. भांडवल थोडे लागते आणि घरातल्या एका टेबलावरही शिकता येते. मात्र खोलीत वारा खेळता हवा, कारण शाईतील द्रावणांची वाफ छातीला बरी नाही.

थोडा इतिहास

मुद्रणकला आणि आपला वारसा यांचे नाते जुने आहे. ज्यावर छपाईची तारीख आहे असे जगातील सर्वांत जुने संपूर्ण पुस्तक म्हणजे ‘वज्रच्छेदिका’ सूत्राची चिनी प्रत. इ. स. ८६८ मध्ये ती लाकडी ठशांनी छापली गेली. एका मुलाने आपल्या आईवडिलांच्या वतीने, सर्वांना मोफत वाटण्यासाठी ती करवून घेतल्याची नोंद तिच्या शेवटी आहे. दुनहुआंगच्या गुंफेत सापडलेली ही गुंडाळी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

महाराष्ट्रात गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून हे तंत्र आत्मसात केले आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. जावजी दादाजी लहान वयातच मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पुढे त्यांनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. क्रम लक्षात घ्यावा. आधी दुसऱ्याच्या छापखान्यात हातकाम, मग खिळ्यांचा कारखाना आणि त्यानंतर स्वतःचा छापखाना.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि १९३० मध्ये ‘जनता’ सुरू केले. १९५६ मध्ये ‘जनता’चे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. त्यांनी भारतभूषण हा छापखानाही उभा केला, तो पुढे बुद्धभूषण या नावाने ओळखला गेला. आपले म्हणणे आपण छापावे हे त्यामागचे सूत्र होते. तेव्हा छापखान्यात काम करणे हलके मानण्याचे कारण नाही.

इतिहासाचा आणखी एक धडा आहे आणि तो कडू आहे. पूर्वी प्रत्येक छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे जुळारी असत. उभे राहून, उलटी अक्षरे सरळ वाचत, ते पानेच्या पाने लावत. १९८५ नंतर संगणकावरील डीटीपी आले आणि पुढील काही वर्षांत खिळ्यांचे खण भंगारात गेले. अनेक जुळाऱ्यांच्या घरातील चूल त्यामुळे मंदावली. ज्यांना शुद्धलेखन, पानाची मांडणी आणि कागदाचा हिशेब येत होता त्यांतील काही जण संगणकापुढे बसले आणि टिकले. ज्यांना फक्त खिळे उचलणे येत होते त्यांना ते जमले नाही. यंत्र बदलते, कसब बरोबर येते. आजही हेच चालू आहे. फिल्मवरून प्लेट करणारे गेले आणि संगणकावरून थेट प्लेट निघू लागली. उद्या आणखी काही निघेल.

या क्षेत्रातील कामे

छपाई म्हणजे एकच नोकरी नव्हे. एका पुस्तकावर पुढील माणसांचे हात फिरतात.

१. मांडणीकार किंवा डिझायनर : मुखपृष्ठ, जाहिरात, वेष्टन यांची रचना करतो. चित्रकलेची जाण आणि अक्षरांची ओळख हवी.

२. डीटीपी ऑपरेटर : मजकूर टंकित करून पाने लावतो. मराठीत येथे एक खास अडचण आहे. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये घेताना जोडाक्षरे मोडतात, रफार सरकतो. हे बारकाईने सोडवणारा ऑपरेटर छापखान्याला सहज मिळत नाही.

३. मुद्रितशोधक : मराठी विषय घेऊन बी. ए. झालेल्यांनी याचा जरूर विचार करावा. एक अनुस्वार सुटला किंवा नावातील एक अक्षर चुकले तर हजार प्रती वाया जातात. भाषेचे ज्ञान येथे थेट पैशाच्या उपयोगी पडते.

४. छायाचित्रकार : छपाईसाठी फोटो इंचाला ३०० पिक्सेल या मानाने लागतो. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो फक्त चार इंच रुंदीपर्यंत स्पष्ट छापला जातो. मोबाइलवरून फिरून फिरून आलेला फोटो पडद्यावर चांगला दिसतो आणि स्मरणिकेत धुरकट होतो, त्याचे कारण हेच.

५. मशीनमन आणि मदतनीस : शाई, पाणी आणि दाब यांचा मेळ राखतात. कटिंग मशीनवर तर सावधगिरी हवीच. तेथे घाई करणाऱ्याची बोटे जातात.

६. बाइंडर : घडी, शिलाई, चिकटवणे, कापणी. सगळे काम उत्तम झाले आणि बांधणी बिघडली तर पुस्तक ग्राहक परत करतो.

वर्तमानपत्रांचे खप आणि लग्नपत्रिकांची संख्या यांवर मोबाइलचा परिणाम झाला आहे, हे खरे. परंतु औषधांची खोकी, खाद्यपदार्थांची वेष्टने, लेबले आणि कापडावरील छपाई मोबाइलवर होत नाही. नव्या मुलाने नजर ठेवायची ती या बाजूला.

शिक्षण कोठे मिळते?

दहावीनंतर मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्रज्ञान संस्थेत मुद्रणाची तीन वर्षांची पदविका आहे. पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाच्या संस्थांनी मुद्रण शिक्षणाची परंपरा राखली आहे. आय.टी.आय.मध्ये डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर, लिथो ऑफसेट मशीन माइंडर असे ट्रेड असतात. सर्वच ठिकाणी सर्व ट्रेड नसतात, म्हणून जवळच्या संस्थेत चौकशी करावी. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन काम शिकता येते. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि करन्सी नोट प्रेसमध्ये तंत्रज्ञांच्या भरतीच्या जाहिराती येतात तेव्हा मुद्रणाच्या ट्रेडचे प्रमाणपत्र मागितलेले असते. आम्ही रोज मोजतो त्या नोटांपैकी कित्येक तेथेच छापलेल्या असतात.

ज्यांचा ओढा चित्रकलेकडे आहे त्यांनी शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा द्याव्यात. पुढे उपयोजित कलेची पदवी घेता येते. मुंबईच्या सर ज. जी. कला संस्थांना २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून आहे. वस्त्रोद्योगासाठी इचलकरंजीची डी.के.टी.ई. संस्था प्रसिद्ध आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे. “शंभर टक्के नोकरी” असे लिहून मोठी फी घेणाऱ्या खासगी क्लासचे मागील वर्षीचे दोन विद्यार्थी तरी प्रत्यक्ष भेटून पाहावेत, मगच पैसे भरावेत.

हिशेब : एक सोडवलेले उदाहरण

आता मुख्य धडा. समजा एका संस्थेला ८० पानांची, डेमी १/८ आकाराची, एकरंगी स्मरणिका ५०० प्रती छापायची आहे. कागद २३ × ३६ इंची, ७० जीएसएम. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन.

पाने मोजू. १६ पानांचा एक फॉर्म. ८० ÷ १६ = ५ फॉर्म. एका २३ × ३६ च्या तावात ३२ पाने बसतात, म्हणजे एका फॉर्मला अर्धा ताव लागतो. एका प्रतीला अडीच ताव, ५०० प्रतींना १२५० ताव. ५०० तावांचे एक रीम, म्हणून अडीच रीम. नासाडीसाठी ५ टक्के धरले तर आणखी ६३ ताव, एकूण १३१३.

वजन काढू. लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम, भागिले ३१००. म्हणजे २३ × ३६ × ७० ÷ ३१०० = सुमारे १८.७ किलो एका रीमचे. अडीच रीमचे सुमारे ४६.७ किलो आणि नासाडी धरून ४९ किलो. कागदाचा किलोचा भाव विचारला की कागदाचा खर्च तयार.

प्लेट मोजू. यंत्र अर्ध्या तावाचे असेल तर प्रत्येक फॉर्मला पुढची एक आणि मागची एक, अशा ५ फॉर्मना १० प्लेट. यंत्रातून कागद जाण्याच्या खेपा ५ × २ × ५०० = ५०००. मुखपृष्ठ आणि बांधणी यांचा हिशेब वेगळा करावा.

येथे खर्चाचे दोन भाग पडतात. मांडणी आणि प्लेट यांचा खर्च प्रती कितीही काढल्या तरी तेवढाच राहतो. कागद, शाई, बांधणी यांचा खर्च प्रतींबरोबर वाढतो. समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. पहिला खर्च ६,००० रुपये आणि दुसरा प्रतीमागे ३० रुपये. मग १०० प्रती काढल्या तर एक प्रत ९० रुपयांना पडते, ५०० काढल्या तर ४२ रुपयांना आणि १,००० काढल्या तर ३६ रुपयांना. म्हणून थोड्या प्रतींसाठी प्लेट न लागणारी डिजिटल छपाई परवडते आणि जास्त प्रतींसाठी ऑफसेट. हे न समजता जो दर सांगतो तो एक तर गिऱ्हाईक गमावतो, नाही तर घरचे पैसे घालून छापून देतो.

कर्ज घेण्यापूर्वी

मुद्रा योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळते. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून कार्यरत आहे, त्याच्या जिल्हा कार्यालयात चालू योजना विचाराव्यात. उद्यम नोंदणी निःशुल्क आहे, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत.

कर्ज मिळणे आणि कर्ज फिटणे यांत मात्र अंतर आहे. उदाहरण घेऊ. २ लाख रुपये, दरसाल १२ टक्के व्याज, मुदत ३६ महिने. हप्ता सुमारे ६,६४३ रुपये येतो. खर्च वजा जाता एका कामामागे ५०० रुपये उरत असतील तर नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला १४ कामे हवीत. घरभाडे, वीज आणि स्वतःचे पोट त्यानंतर. छपाईची कामे लग्नसराईत, शाळा उघडताना, जयंतीच्या वेळी आणि निवडणुकीत येतात. हप्ता मात्र बारा महिने येतो. भर पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवलेले आणि बँकेची नोटीस दाराशी, अशी घरे आम्ही पाहिली आहेत. वडिलांचा निवृत्तीचा फंड यंत्रात गेला आणि यंत्र निम्म्या किमतीलाही कोणी घेईना, असेही घडले आहे. कित्येक घरांत तो फंड हीच दोन पिढ्यांची एकमेव शिल्लक असते. म्हणून आम्ही इतके आवर्जून सांगतो.

दुसरी वाटही आम्ही पाहिली आहे आणि ती सुरक्षित आहे. एखाद्या छापखान्यात दोन वर्षे पगारी काम करावे. कागदाचे व्यापारी, प्लेटवाले, बाइंडर यांची ओळख होते आणि गिऱ्हाइकाशी बोलणे जमते. मग एक संगणक आणि स्क्रीनची एक चौकट घेऊन सुरुवात करावी. ऑफसेटचे काम आले तर मांडणी स्वतः करावी आणि छपाई दुसऱ्याकडून करून घ्यावी. काम घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि अंतिम प्रुफावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. नात्यातला असला तरी घ्यावी. उधारीची वही वेगळी ठेवावी. सलग वर्षभर दरमहा किती काम बाहेर दिले याची नोंद झाली की आपले यंत्र हवे की नको याचे उत्तर ती वहीच देते. अशी वही घेऊन आलेल्या मुलाचा अर्ज वाचताना बँकेतील माणसालाही भरवसा वाटतो.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. एक कोरा कागद तीन वेळा घडी करा. कडा न कापता १ ते १६ पाने क्रमाने लिहा आणि कागद उलगडा. घडीच्या कण्यावर शेजारी आलेल्या प्रत्येक दोन पानांच्या अंकांची बेरीज करा. ती नेहमी १७ येईल. फॉर्ममध्ये पाने कशी लावतात हे यावरून समजते.

२. हीच स्मरणिका हातात घ्या. पाने मोजा, फॉर्म किती झाले ते काढा आणि १,००० प्रतींना किती रीम कागद लागेल ते वरील रीतीने सोडवा.

३. घरातील पाच वस्तूंची वेष्टने जमवा. भिंगातून ठिपके पाहा. कोणत्या वेष्टनावर रंग सरकले आहेत ते शोधा.

४. जवळच्या छापखान्यात परवानगी घेऊन एक दिवस उभे राहा. मालकाला यंत्राची किंमत विचारू नका. “तुम्ही दर कसा काढता?” हे विचारा.

चौथा स्वाध्याय ज्याने मनापासून केला, त्याला पुढचा रस्ता कोणी दाखवावा लागणार नाही.